गीत तीनशे बाराच्या खालची दोन अक्षरं

जालन्यात लहानपणी प्रभाला सगळे ‘चौकशी खिडकी’ म्हणायचे. वडील रेल्वेत कारकून, त्यामुळे हे नाव घरातच तयार झालं होतं. पाहुणा आला की ती त्याला दारातच धरायची. कुठून आलात, गाडीत शेजारी कोण बसलं होतं, त्याच्या डब्यात काय भाजी होती? आई डोळे वटारायची, पाहुणे मात्र खूश होऊन सांगत बसायचे. पुढे लग्न होऊन ती प्रभा चक्रनारायण झाली, नव्वद साली नवऱ्याबरोबर कॅनडात, स्कारबरोला आली, पॅकिंगच्या कारखान्यापासून शाळेच्या कॅफेटेरियापर्यंत मिळेल ते काम केलं, दोन मुलं मोठी केली. खिडकी काही बंद झाली नाही. आता त्रेसष्टाव्या वर्षी त्या पिवळी स्कूलबस चालवतात, आणि बसमधल्या अठ्ठेचाळीस मुलांपैकी कुणाची आजी कुठल्या गावची, हे त्यांना शाळेपेक्षा जास्त ठाऊक असतं.

दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी दुपारी चार वाजता मराठी ख्रिस्ती मंडळी एका जुन्या चर्चच्या बेसमेंटमध्ये उपासनेला जमते. पस्तीसेक घरं. कुणी नगरचं, कुणी जालन्याचं, कुणी नागपूरचं. अलीकडे कॉलेजात शिकायला आलेली मुलंमुलीही बरीच. प्रभाबाईंकडे काम एकच : गीतांच्या जुन्या पुस्तकातली गीतं टाइप करून पडद्यावर दाखवायची. पुस्तकं संपत आली होती, पानं सुटली होती, आणि नव्या मुलांना तर फोनवरच वाचायची सवय. चार हिवाळे बसून बाईंनी तीनशेच्या वर गीतं टाइप केली.

त्यातलं तीनशे बारा नंबरचं गीत सगळ्यांना तोंडपाठ होतं. निरोपाचं गीत.

ऊठ ऊठ रे पाहुण्या, आली निघायाची घडी,
माझ्या धन्यानं सोडली तुझ्या पायातली बेडी...

मंडळीतलं कुणी वारलं की हे गीत म्हणायचं, हा रिवाज. कॅनडात आल्यावर त्यात भर पडली. इथे माणसं मरण्यापेक्षा जातातच जास्त. कुणाला कॅल्गरीत नोकरी लागते, कुणी घर परवडत नाही म्हणून हॅलिफॅक्सला निघतं, कुणाचं कामाचं पर्मिट संपतं. मग शेवटच्या रविवारी त्या कुटुंबाला पुढे उभं करायचं, तीनशे बारा म्हणायचं आणि समोसे खायचे. पेटीवर बळवंतराव उमाप असायचे. ते हे गीत इतकं संथ लावायचे की एका कडव्यात चहाला उकळी फुटावी.

गेल्या फेब्रुवारीत बळवंतरावच गेले. एक्क्याऐंशी वर्षांचे होते, झोपेत गेले. त्यांची मुलगी अबोली ओकव्हिलला राहते. जन्म इथलाच, पेशाने वकील, आणि वकिलाला शोभेल अशी काटेकोर. अंत्यविधीसाठी तिला छोटी पुस्तिका छापायची होती : गीतं, वाचनं, खाली प्रत्येकाचा कवी. तिने प्रभाबाईंना फोन केला.

“प्रभाआंटी, ते डॅडचं फेअरवेल साँग कोणी लिहिलं? मला नाव हवंय. अ‍ॅक्च्युअल नाव.”

“नाव नाही गं. खाली नुसतं ‘स. भा.’ आहे.”

“म्हणजे कोण?”

आयुष्यात पहिल्यांदा प्रभाबाईंना कुणी असं काही विचारलं होतं जे त्यांनी स्वतः कधीच विचारलं नव्हतं. चाळीस-पन्नास मयती, तितकेच निरोप, चार वर्षांचं टायपिंग, आणि ‘स. भा.’ ही दोन अक्षरं बोटांखालून शंभरदा गेलेली!

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

पुस्तिका छापून आली, तेव्हा तीनशे बाराच्या खाली इंग्रजीत ‘कवी अज्ञात’ असं होतं. स्मशानभूमीत बर्फ पडत होता. मंडळी हातमोज्यांत पुस्तिका धरून गात होती, आणि प्रभाबाई गाता गाता त्या एका शब्दाकडे पाहत होत्या. अज्ञात कसा? सही करून गेलाय की बिचारा.

घरी येताना गाडीत त्या नवऱ्याला म्हणाल्या, “स. भा. कोण असेल हो?”

मिलिंदराव पोस्टातून रिटायर झालेले. उभं आयुष्य पत्ते वाचण्यात गेलेलं. “सगळ्यांचा भाऊ,” ते म्हणाले. पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ओळखलं की आता घरात जेवण वेळेवर मिळणार नाही.

बाईंनी आधी मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. दोन दिवसांत तीन ‘स. भा.’ हजर झाले. मिसिसागाचे एक गृहस्थ म्हणाले, हे आमच्या आजोबांनी लिहिलंय, त्यांचं नाव सत्यवान भाकरे. पुरावा काय, तर आजोबांचं अक्षर फार सुंदर होतं. दुसऱ्या एकींच्या मते ते ‘सदाशिव भाऊ’ नावाचे कुणी कीर्तनकार. तिसऱ्याने सांगितलं, स. भा. म्हणजे माणूसच नव्हे, ‘सर्व भाविक’. पाळक यशोधन पारधे आठवडाभर विमा कंपनीत काम करतात आणि रविवारी उपदेश करतात. त्यांनी समजूत घातली, “प्रभाकाकू, गीत देवाचं. लिहिणाऱ्याने मुद्दामच नाव लपवलं असेल. नम्रता असते ती.”

“असेल,” बाई म्हणाल्या. “पण मग दोन अक्षरं तरी कशाला ठेवली?”

शाळेच्या बसचं काम दोन तुकड्यांत असतं. सकाळी मुलं सोडायची, दुपारी आणायची, मधले पाच तास मोकळे. ते पाच तास प्रभाबाईंनी या शोधाला लावले. ओळखीतून ओळख काढत त्या महाराष्ट्रातल्या एका पाळक-प्रशिक्षण शाळेच्या ग्रंथालयापर्यंत पोचल्या. तिथल्या ग्रंथपाल कादंबरी नावाच्या, तिशीतल्या आणि हौशी. त्यांनी कपाटं उपसून गीतांच्या त्याच पुस्तकाची एकोणीसशे एकसष्ट सालची आवृत्ती शोधली आणि पानाचा फोटो पाठवला.

फोटो आला तेव्हा बाई बसच्या यार्डात टायर तपासत होत्या. हातमोजा दातांनी ओढून काढला आणि फोटो मोठा केला. गीत तेच. पण खाली आख्खी ओळ होती : ‘सगुणा भागाजी, धामणझरी दवाखाना’. आणि वर, बारीक अक्षरांत : ‘चाल : जात्यावरची. जलद.’

स. भा. बाई होत्या! बाईने लिहिलं होतं! प्रभाबाई एकट्याच यार्डात हसल्या. पुढच्या आवृत्तीत जागा वाचवायला कुणीतरी तिचं नाव चेपून दोन अक्षरांत बसवलं, गाव काढून टाकलं, चाल पुसली, आणि साठ वर्षं सगळे तिला ‘कवी’ समजत राहिले.

मग त्या थबकल्या. जलद? निरोपाचं गीत, मयतीचं, आणि जलद? त्या गीत मनात भरभर म्हणून बघू लागल्या. जमेना. बळवंतरावांची पेटी कानात इतकी मुरलेली होती की दुसऱ्या ओळीपर्यंत पुन्हा बैलगाडीची चाल यायची.

धामणझरी कुठे आहे, हे शोधायला एक आठवडा गेला. वऱ्हाडात, एका डोंगराच्या पायथ्याशी. तिथला दवाखाना पूर्वी महारोग्यांचा होता. आता डोळ्यांची शस्त्रक्रिया होते. बाईंनी पहाटे साडेपाचला, म्हणजे तिकडच्या दुपारी चारला, फोन लावला. कचेरीतल्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं.

“सगुणाबाई? नाव ऐकल्यासारखं वाटतं,” तो म्हणाला. “पण त्या काळातलं आता कुणी राहिलं नाही मॅडम. थांबा... तुम्ही बोलताय कुठून?”

“कॅनडातून.”

“मग तुमच्या तिथंच तर आहेत की डफीबाई! त्यांना विचारा.”

“कोण डफीबाई?”

“पूर्वीच्या नर्सबाई, गोऱ्या. दर नाताळला त्यांचं कार्ड येतं आम्हाला. मी नवीन लागलो तेव्हापासून बघतो.”

प्रभाबाईंना हसू आवरेना. कॅनडा म्हणजे जणू मागच्या गल्लीत. पण कारकुनाने कार्ड काढून पत्ता वाचून दाखवला आणि त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. ग्वेल्फ. स्कारबरोपासून सव्वा तास. बरोब्बर तेच गाव, जिथे त्या धाकट्याला कॉलेजात असताना चार वर्षं डबे पोचवत होत्या.

मार्चच्या सुट्टीत शाळा बंद, बस बंद. प्रभाबाईंनी अबोलीला विचारलं, येतेस का? अबोलीने एका क्षणात होकार दिला. नाव तिलाच तर हवं होतं. आयरीन डफी नावाच्या त्या बाई ग्वेल्फमधल्या एका वृद्धाश्रमात राहत होत्या. वय त्र्याण्णव. तिथल्या मुलीने आधीच सांगितलं होतं : सकाळी याल तर बरं, दुपारनंतर त्यांना थकवा येतो.

खिडकीजवळ व्हीलचेअरमध्ये एक बारीक, पांढरीशुभ्र म्हातारी बसली होती. गुडघ्यांवर विणलेली शाल. अबोलीने पुढे होऊन इंग्रजीत ओळख करून दिली, येण्याचं कारण सांगितलं. म्हातारीने नम्रपणे मान हलवली, पण नीट समजल्यासारखं दिसेना. प्रभाबाईंना राहवलं नाही. त्या खाली वाकल्या आणि मंडळीत म्हणतात तसं म्हणाल्या, “सलाम, डफीबाई.”

म्हातारीची मान झर्रकन वळली. निळ्या डोळ्यांनी तिने प्रभाबाईंना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“सलाम वं माय,” ती म्हणाली. “कोठची तू?”

अबोलीच्या हातातली पर्स खाली पडली.

“मी जालन्याची,” प्रभाबाई म्हणाल्या.

“जालन्याची हाय? अन् उभी काहून? बस ना.”

नंतर दीड तास त्या खोलीत अस्सल वऱ्हाडी चालली. सत्तर वर्षांपूर्वीची, कुणाचा नवा शब्द न लागलेली. मधूनमधून शब्द अडला की डफीबाई डोळे मिटायच्या, आणि तो सापडला की हात उंचावून म्हणायच्या. अबोलीला निम्मं कळत होतं. तिला मराठी समजावून सांगायला इंग्रजी लागायचं आणि ही ओंटारियोतली म्हातारी ‘काहून’ आणि ‘मंग’ म्हणत होती. प्रभाबाई तिला हळूच इंग्रजीत सांगत होत्या.

सगुणाचं नाव काढताच डफीबाई म्हणाल्या, “सगुणा? ती आमची सैपाकीन होती.”

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

सगुणा एकोणीस वर्षांची असताना दवाखान्यात आली. घरी तान्हं मूल ठेवून. तेव्हा औषध म्हणजे कडू तेलाची सुई. पुढे नव्या गोळ्या आल्या, आणि दाखल झाल्यापासून सहा वर्षांनी डॉक्टरांनी तिच्या हातात कागद दिला : ही बाई बरी झाली, हिच्यापासून कुणाला धोका नाही. बरं होऊन निघणाऱ्याला दवाखाना नवं वस्त्र द्यायचा. नवं लुगडं नेसून, कागद कमरेला खोचून सगुणा सासरी गेली. दिराने तिला विहिरीपुढे येऊ दिलं नाही. कागद वाचायला गावात कुणी तयार नव्हतं. दोन दिवस ती वेशीबाहेर झाडाखाली बसून राहिली. तिसऱ्या दिवशी जावेने तिचं पोरगं आणून लांबून दाखवलं. सात वर्षांचं झालं होतं. ते हिच्याकडे पाहून जावेच्या पदरात शिरलं.

“मंग?” प्रभाबाईंच्या तोंडून गेलं.

“मंग का? चालत आली वापस. अकरा कोस. फाटकापाशी उभी राह्यली. डॉक्टरनं काही इचारलंच नाही तिले. भूक लागली का, येवढंच म्हनला. दुसऱ्या दिवशी ती चुलीपाशी जाऊन बसली अन् तिथंच राह्यली. मी तिथं गेली छप्पन साली, तवा ती भाकरी थापे. बोटं आखूड झालती तिची. जात्याचा खुंटा कोपरानं रेटे.”

“आणि हे गीत?”

“ते तर शनिवारचं!” डफीबाईंचा चेहरा खुलला. “शनिवारी ठेसनाची बंडी येई. जे बरे झाले ते बंडीत बसत. कोनी रडे, कोनी बसेचना. चार वर्सं, सात वर्सं राह्यलेले लोक. त्याइले घरी जायाचं भेव वाटे. मंग सगुणा चुलीपासून उठे, फाटकावर येई, अन् टाळ्या वाजवून म्हने. आमी सगळे म्हनो. हसवून पाठवायचं असे त्याइले.”

प्रभाबाईंच्या डोळ्यांपुढून गीताची कडवी एकामागून एक सरकत होती.

काया झाली रे निर्मळ, नवं वस्त्र तुझ्या अंगी,
उभे वेशीपाशी तुझ्या सारे सखे आणि संगी.

आजवर त्यांनी नवं वस्त्र म्हणजे कफन मानलं होतं. वेस म्हणजे स्वर्गाची. पायातली बेडी म्हणजे देह. आणि इथे वेस म्हणजे गावाची वेस होती, बेडी म्हणजे रोग, आणि पाहुणा म्हणजे बैलगाडीत नवं धोतर नेसून, घाबरून बसलेला कुणी जिवंत माणूस.

“तिला लिहिता येत होतं?” अबोलीने विचारलं. मराठीत. हळू, एकेक शब्द जोडत.

“नाई. कंपाउंडरनं लिहून घेतलं. मंग पुस्तकवाल्या कमेटीचे साहेब आले. त्याइले लई आवडलं. पन म्हनले, चार कडवे ठेवू, पाचवं काढू.”

प्रभाबाई पुढे सरकल्या. “पाचवं होतं?”

“होतं ना वं. तेच तर तिचं होतं.”

डफीबाई आठवू लागल्या, पण आठवेना. कपाळावर आठ्या आल्या, ओठ हलले, मान नकारार्थी गेली. वृद्धाश्रमातली मुलगी दारात येऊन घड्याळ बघून गेली. मग म्हातारीने शाल बाजूला केली, उजवा हात समोरच्या टेबलावर ठेवला आणि जातं फिरवावं तसा गोल फिरवू लागली. एकदा, दोनदा, पाच-सहादा. आणि बारीक, कापऱ्या आवाजात, पण भराभर, तिने म्हटलं :

दार नाही उघडलं, तर फिर रे माघारी,
तुझ्या वाटची भाकर माझ्या तव्यावरी.
आन् कोनी इचारलं तर सांग...

इथे हात थांबला. पुन्हा फिरवला. पुन्हा ‘सांग’पर्यंत आला आणि थांबला.

“गेलं,” डफीबाई म्हणाल्या. “आता नाई येत.”

अबोलीने फोनवर सगळं रेकॉर्ड केलं होतं. कमिटीने ते कडवं का काढलं, असं प्रभाबाईंनी विचारलं. साहेबांचं म्हणणं होतं, की गीत वाचून माणसाला वाटतं ते देवाघरचं आहे, आणि देवाघरचं दार उघडलं नाही असं कसं छापायचं? सगुणा ऐकून म्हणाली होती, “देवाचं दार उघडंच असते साहेब. मी मानसाच्या दाराचं म्हनलं.” साहेबांनी मान डोलावली आणि कडवं काढलंच. “मंग सगुणा म्हने, छापू नका. आमी म्हनून घेऊ.”

निघताना डफीबाईंनी प्रभाबाईंचा हात धरला आणि विचारलं, जालन्यात अजून मोसंबी पिकतात का. पिकतात म्हटल्यावर त्यांना फार समाधान वाटलं. मग त्या थकल्या आणि पुन्हा इंग्रजीत बोलू लागल्या.

परतीच्या वाटेवर हायवेला लागल्यावर अबोली म्हणाली, “आंटी, डॅडच्या फ्युनरलला आपल्याला हे पाचवं माहीत असतं, तर म्हटलं असतं?”

“मयतीत? गेलेल्या माणसाला माघारी ये कसं म्हणायचं गं?”

“मी तर रोज म्हणते,” अबोली म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. प्रभाबाईंनी गाडी चालवता चालवता डावा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि उजवा तिच्या गुडघ्यावर.

पुढच्या रविवारी चहाच्या वेळी बाईंनी मंडळीला सगळं सांगितलं. माणसं समोसे हातात धरून ऐकत होती. मिसिसागाचे गृहस्थ एकदा म्हणाले, “म्हणजे आमचे आजोबा नव्हेत तर,” आणि मोकळेपणाने हसले. पण पाचवं कडवं पडद्यावर घालायचं म्हटल्यावर वाद झाला. एक ज्येष्ठ म्हणाले, हे गीत म्हणत मी माझ्या आईला माती दिली, आता तुम्ही ते बंडीचं गाणं म्हणता? प्रभाबाईंच्याही आईला माती देताना हेच गीत होतं, आणि तेव्हा ते खोटं नव्हतं.

पाळक यशोधनना वेगळी काळजी होती. “काकू, छापील पुस्तकात जे नाही ते उपासनेत कसं घ्यायचं?”

“सगुणाबाईंनी दर शनिवारी घेतलं, पाळकसाहेब,” बाई म्हणाल्या. “पुस्तक नंतर आलं.”

बरीच चर्चा होऊन ठरलं ते असं. मयतीला चार कडवी, संथ, पहिल्यासारखी. जिवंत माणसाच्या निरोपाला पाच, जलद. तिसऱ्या ओळीच्या ‘सांग’नंतर काय लिहायचं, यावर तर प्रत्येकाने आपापली ओळ सुचवली. काही ओळी चांगल्याही होत्या. बाईंनी एकही घेतली नाही. “ती तिची जागा आहे,” एवढंच म्हणाल्या आणि ‘सांग’पुढे टिंबं दिली. खाली पूर्ण नाव टाइप केलं, गावासकट.

मे महिन्यात क्षितिज आणि ऊर्मी यांना निरोप द्यायची वेळ आली. तीन वर्षांपूर्वी अमरावतीहून आलेली जोडी. तो कॉलेज संपवून शेजारच्या वॉनमधल्या एका वेअरहाउसमध्ये लागला होता, ती एका बेकरीत. पर्मिट संपलं, कायम राहायचा अर्ज मंजूर झाला नाही, परत जायचं ठरलं. शेवटच्या रविवारी दोघं पुढे उभी होती आणि ऊर्मीचा चेहरा पांढराफटक पडला होता. आदल्या दिवशी ती प्रभाबाईंच्या स्वयंपाकघरात बसून बोलली होती. घरी जायची भीती वाटते, म्हणाली. सगळं गाव विमानतळावर सोडायला आलं होतं. आता रिकाम्या हातांनी उतरल्यावर काय म्हणतील? सासरे तर महिन्याभरात फोनवर दोन वाक्यांपलीकडे बोलले नव्हते.

पेटीवर आता बळवंतरावांच्या जागी एक नागपूरकडची मुलगी होती. तिने चाल धरली, प्रभाबाईंनी टाळ्या सुरू केल्या. पहिल्या कडव्यात सगळा गोंधळ झाला. अर्धे जुन्या चालीत, अर्धे नव्या, एकमेकांच्या पायात पाय. दुसऱ्या कडव्यात हशा पिकला. तिसऱ्यापर्यंत मंडळी सावरली आणि गाणं खरंच पळायला लागलं. पाचवं आलं. ‘तुझ्या वाटची भाकर माझ्या तव्यावरी’ म्हणताना समोसे आणणाऱ्या काकूंनी खरंच ताट उचलून दाखवलं. टिंबांपाशी कुणीच काही म्हणालं नाही. नुसत्या टाळ्या पडत राहिल्या, तेवढ्याच वेळ, आणि पेटी पुढे गेली.

नंतर ऊर्मी प्रभाबाईंच्या गळ्यात पडली. “पण काकू, माघारी येणार कशी? व्हिसा कोण देणार?”

“माझा नंबर आहे ना तुझ्याकडे?” त्या म्हणाल्या. “पोचलीस की फोन कर. दार उघडलं की नाही ते सांग. मला झोप नाही लागायची.”

फोन चार दिवसांनी आला. सासरे नागपूरला विमानतळावर आले होते. दोन्ही बॅगा त्यांनी स्वतः उचलल्या. रस्त्यात गाडी थांबवून संत्री घेतली. घरी सासूने भाकरतुकडा ओवाळून टाकला. बाकीचं गाव बोलतंय ते बोलतंय, ऊर्मी म्हणाली, पण घरात झोप लागते.

अबोलीने त्या दिवशीचं गाणं ग्वेल्फला जाऊन डफीबाईंना ऐकवलं. ती आता महिन्यातून एकदा जाते. मराठी शिकायला म्हणते, आणि तिच्या मराठीत मधूनच ‘काहून’ येतो तेव्हा बळवंतरावांच्या मागे तिच्याकडे राहायला आलेली तिची आई डोक्याला हात लावते. म्हातारीने कान देऊन पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, “पोरी चांगल्या म्हनतात. पन अजून हळू हाय.” अबोलीने मुद्दाम ‘सांग’पुढचं विचारलं नाही. डफीबाईंनी आपणहून हात टेबलावर ठेवला, थोडा वेळ गोल फिरवला, आणि मग विचारलं, की चहा आणतात का इथे कोणी.